सांतियागोचें जळालेलें देऊळ आणि तेथील स्वयंसेवक बंबवाले

आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या अंकांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हा वृत्तांत इतर लेखक देतीलच. आम्हीं मात्र एका दूरच्या देशांतील, आपल्यापैकीं बहुतेकांनीं नांवही न ऐकलेल्या आणि आतां अस्तित्वांत नसलेल्या एका देवळाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. मंगल प्रसंगीं जळालेल्या देवळाची कथा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या दिवशीं देवळांत पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं, वेदी मेणबत्त्यांनीं झगमगते आणि दारापर्यंत भाविकांची दाटी होते, त्याच दिवशीं आठवावी अशी ही गोष्ट आहे. शिवाय त्या राखेंतून जें परोपकाराचें कार्य उभें राहिलें तें आज दीडशेंहून अधिक वर्षें अखंड चाललें आहे. दिवसां आपला पोटापाण्याचा धंदा करणारा एखादा साधा गृहस्थ, आगीची वर्दी येतांच हातचें काम टाकून धांवणारा स्वयंसेवक बंबवाला कसा होतो व कां होतो, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें चिली देशाची राजधानी सांतियागो हिच्याकडे पाहावें.

आग विझविणाऱ्यांची संघटना ही कांहीं नवी कल्पना नव्हे. रोम शहरांत सम्राट ऑगस्टस ह्यानें इ. स. ६ मध्यें पहारेकऱ्यांच्या सात तुकड्या उभारल्या. रात्रीं शहरांत फिरावें, आगीवर नजर ठेवावी व लागल्यास ती विझवावी, हें त्यांचें काम. त्यांत भरणा मुख्यतः दास्यमुक्त झालेल्या गुलामांचा असे. ती सरकारी चाकरी होती, स्वयंसेवा नव्हे. आगीच्या संकटांत ज्याचा धांवा करण्याची चाल युरोपांत आहे तो संत फ्लोरियन हाही रोमन अमलांतलाच. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळांत, इ. स. ३०४ च्या सुमारास, आजच्या ऑस्ट्रिया देशांतील एन्स नदींत गळ्यास दगड बांधून त्याला बुडविण्यांत आलें अशी परंपरा आहे. पाण्यांत ज्याचा प्राण गेला त्याच्याच हातीं चित्रकारांनीं पाण्याची बादली दिली, आणि जळत्या घरावर ती ओतीत असलेला असा तो चितारला जाऊं लागला. त्याचा सण ४ मे रोजीं येतो, व त्या देशांतील बंबवाले तो आपला म्हणून पाळतात.

शेजाऱ्यांनीं आपखुषीनें एकत्र येऊन एकमेकांचीं घरें राखण्याचें वचन द्यावें, ही तऱ्हा पुढें अमेरिकेंत रूढ झाली. फिलाडेल्फिया शहरीं बेंजामिन फ्रँकलिन ह्यानें १७३६ सालीं अशी एक मंडळी स्थापिली. प्रत्येक सभासदानें आपल्या घरीं कातडी बादल्या व सामान भरून काढण्याच्या पिशव्या तयार ठेवाव्या, असा तिचा नियम होता. दक्षिण अमेरिकेंत चिलीच्या वालपराइसो बंदरांत डिसेंबर १८५० मध्यें मोठी आग लागली व त्यानंतर, ३० जून १८५१ रोजीं, तेथें स्वयंसेवक बंबवाल्यांचें दल स्थापन झालें. बंदरांत देशोदेशींचे व्यापारी. वखारी त्यांच्या, माल त्यांचा. तेव्हां जर्मन, इंग्रज, फ्रेंच अशा लोकांनीं आपापल्या तुकड्या उभारल्या ह्यांत नवल नाहीं. त्यांच्या स्पॅनिश भाषेंत बंबास ‘बोंबा’ व बंबवाल्यास ‘बोंबेरो’ म्हणतात. वसईकडच्या मंडळींच्या कानास हा शब्द परका वाटूं नये. पोर्तुगीज भाषेंतही तो ‘बोंबा’च आहे, आणि आपला बंब त्याचा सोयरा दिसतो.

राजधानी सांतियागो येथें मात्र वालपराइसोसारखें शिकवून तयार केलेलें स्वयंसेवकांचें दल १८६३ पर्यंत नव्हतें. बंदरांतील मंडळीस जें बारा वर्षें आधीं कळलें होतें, तें राजधानीस कळावयास फार मोठी किंमत मोजावी लागली.

सांतियागो शहराच्या मध्यभागीं येशूसंघाचें एक मोठें देऊळ होतें. स्पेनच्या राजानें १७६७ सालीं येशूसंघीयांस आपल्या सर्व मुलुखांतून घालवून दिलें; तरी लोकांच्या तोंडीं त्या देवळाचें ‘कंपनीचें देऊळ’ हें नांव कायम राहिलें, कारण येशूसंघाचें मूळचें नांवच ‘येशूची कंपनी’ असें आहे. वसईच्या किल्ल्यांत ह्याच संघाच्या देवळाची दर्शनी भिंत आज उभी असलेली आपण पाहतों. तेथील अंमल १७३९ सालीं पालटला व देवळें ओस पडलीं. सांतियागोचें देऊळ तसें ओस पडलें नाहीं. १८४१ सालच्या मे महिन्यांत तें एकदां आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें होतें. पण पुनः बांधून काढण्यांत आलें, आणि शहरांतील भक्तिमान् स्त्रियांचें तें आवडतें देऊळ झालें. एकदां जळालेल्या वास्तूविषयीं माणसानें अधिक सावध असावें असें आपणांस वाटतें; परंतु बावीस वर्षें हा काळ विसरावयास पुरेसा होतो.

चिली देश दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें आपल्याकडील ऋतु तेथें उलटे येतात. मे महिन्यांत तेथें थंडी पडूं लागते व फुलें मिळत नाहींत. म्हणून पवित्र मरियेचा महिना तेथें ८ नोव्हेंबरपासून ८ डिसेंबरपर्यंत, वसंताच्या बहरांत पाळतात, आणि त्याची समाप्ति अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशीं होते. पोप नववे पायस ह्यांनीं १८५४ सालीं अमलोद्भवाचें श्रद्धातत्त्व जाहीर केल्यास त्या वेळीं नऊच वर्षें झालीं होतीं. ह्या सणाचा उत्साह ताजा होता. १८६३ सालीं ८ डिसेंबरला मंगळवार होता. संध्याकाळच्या समाप्तीच्या उपासनेसाठीं कंपनीचें देऊळ दुपारपासून भरूं लागलें. दिवेलागणीच्या सुमारास आंत कित्येक हजार माणसें होतीं व त्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या. सरदार घराण्यांतील बाया होत्या, त्यांच्या बरोबर आलेल्या दासी होत्या, आया होत्या, मुली होत्या.

देवळाची आरास डोळे दिपविणारी होती. छतापासून झुंबरें लोंबत होतीं, तेलाचे व वायूचे दिवे हजारोंनीं लाविले होते, आणि भिंतींवर व वेदीभोंवतीं झिरझिरीत कापडाचे पडदे आणि कागदाचीं व कापडाचीं फुलें सोडलीं होतीं. मुख्य वेदीवर मरियेच्या मूर्तीच्या पायांशीं प्रकाशाची चंद्रकोर केली होती. तिच्या ज्वालेनें शेजारची आरास पेटली असें बहुतेक वृत्तांत सांगतात. सात वाजण्याचा सुमार होता, उपासना अजून सुरू व्हावयाची होती. कोणी ती आग झोडपून विझवूं पाहिली. ती वर गेली. वर लांकडी घुमट, रंगविलेलें लांकडी छत. तेथून पेटते दिवे, वितळलेलें तेल व जळतीं लांकडें खालीं बसलेल्या स्त्रियांच्या अंगावर पडूं लागलीं.

ह्यापुढील प्रकार आम्ही थोडक्यांतच सांगतों. त्या काळच्या रीतीप्रमाणें स्त्रियांचे घागरे वेताच्या किंवा पोलादी कड्यांवर ताणलेले, पिंपाएवढे रुंद असत. तसल्या पोशाखांत धांवतां येत नाहीं. पडल्यास उठतां येत नाहीं. आणि एकीचा घागरा पेटला कीं शेजारणीचा पेटावयास वेळ लागत नाहीं. बाजूचीं दारें आंत अधिक माणसें मावावीं म्हणून लावून घेतलीं होतीं असें सांगतात. सारा लोंढा मोठ्या दाराकडे वळला. पहिल्या कांहीं स्त्रिया उंबरठ्यापाशीं पडल्या, त्यांच्यावर मागच्या पडल्या, आणि थोड्याच वेळांत दारांत माणसांचा असा बांध तयार झाला कीं आंतल्यांस बाहेर येतां येईना व बाहेरच्यांस आंत शिरतां येईना. बाहेरचे लोक हात धरून ओढीत होते, पण त्या ढिगांतून हात सुटत नव्हते. अमेरिकेचे वकील टॉमस नेल्सन हे आपल्या देशबांधवांसह तेथें धांवून गेले व त्यांनीं कित्येकींस बाहेर काढलें. त्याबद्दल त्या शहरानें त्यांचे उपकार स्मरले. परंतु असे धैर्यवान् लोक पुष्कळ असूनही त्यांच्यापाशीं शिड्या नव्हत्या, भिंत फोडण्याचीं हत्यारें नव्हतीं, कोणीं कोठें उभें राहावें हें ठरलेलें नव्हतें, आणि कोणाचा हुकूम कोणीं मानावयाचा हेंही ठरलेलें नव्हतें. घुमट कोसळला व मागून घंटाघरही कोसळलें.

त्या संध्याकाळीं सुमारें दोन हजार माणसें मेलीं. कोणी हा आंकडा त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. १८६५ सालच्या खानेसुमारींत सांतियागोची वस्ती एक लाख पंधरा हजारांच्या आसपास भरली, त्यावरून ह्या अनर्थाचा अंदाज करावा. ज्या घरांत कोणी गेलें नाहीं असें घर शोधावें लागलें असेल. बहुतेक देह ओळखण्यापलीकडे गेले होते. त्यांस शहराच्या मोठ्या दफनभूमींत एकाच खड्ड्यांत मूठमाती देण्यांत आली.

दुसऱ्या दिवसापासून दोषारोपांचें वादळ उठलें. धर्मविरोधी वर्तमानपत्रांनीं सारा दोष धर्मगुरूंवर टाकला. दिव्यांचा हव्यास त्यांनींच वाढविला, स्वतः मागच्या दारानें निसटले, माणसांऐवजीं मूर्ति व सामान वांचविण्याच्या मागें लागले, असे नाना आरोप झाले. देवळांत मरियेस लिहिलेलीं पत्रें टाकण्याची एक पेटी होती, तिच्यावरूनही थट्टा झाली. उलट बाजूनें कांहीं जण म्हणूं लागले कीं पवित्र दिवशीं पवित्र स्थळीं मेलेल्या त्या स्त्रिया स्वर्गास गेल्या, मग शोक कशाचा? शेवटीं राष्ट्राध्यक्ष होसे होआकिन पेरेस ह्यांच्या सरकारानें उरलेल्या भिंती पाडून टाकण्याचा हुकूम दिला, व त्या जागीं पुनः देऊळ बांधलें गेलें नाहीं.

आमच्या मतें ह्या वादांत दोन्ही पक्षांचें म्हणणें मुद्द्यास सोडून होतें. मरियेवरील भक्तीनें आग लागली नाहीं, आणि भक्ति होती म्हणून ती विझलीही नाहीं. झिरझिरीत कापडाशेजारीं उघडी ज्योत ठेविली तर ती देवळांत पेटते तशी नाटकगृहांतही पेटते. ह्याचा पुरावा त्याच शहरास सात वर्षांनीं मिळाला, तो पुढें येईलच. स्वर्गाच्या आशेनें सांत्वन करणाऱ्यांविषयीं आम्हांस इतकेंच वाटतें कीं, मेलेल्यांच्या आत्म्यांची काळजी प्रभूनें घेतली असेल ह्यांत शंका नाहीं. पण दारें उघडीं ठेवण्याचें काम त्यानें माणसांवर सोंपविलें होतें.

ह्या गदारोळांत एका गृहस्थानें वाद न घालतां वर्तमानपत्रांत चार ओळींची जाहिरात दिली. त्याचें नांव होसे लुईस क्लारो. आगीनंतर तिसऱ्या दिवशीं, ११ डिसेंबर रोजीं, ‘एल फेर्रोकार्रिल’ ह्या पत्रांत ती छापून आली. बंबवाल्यांची मंडळी स्थापण्याची ज्यांची इच्छा असेल त्या तरुणांनीं १४ तारखेस जमावें, एवढाच तिचा मतलब होता. तींत शोकाचा उद्गार नाहीं, कोणावर ठपका नाहीं. सोमवारीं मंडळी जमली, आणि त्यापुढील रविवारीं, २० डिसेंबर १८६३ रोजीं, सांतियागोच्या बंबवाल्यांचें दल रीतसर स्थापन झालें. देऊळ जळून बाराच दिवस झाले होते. खाणींच्या धंद्यानें श्रीमंत झालेले होसे तोमास उर्मेनेता हे त्याचे पहिले मुख्य झाले. शहराच्या पूर्व, दक्षिण व पश्चिम भागांसाठीं बंबांच्या तुकड्या झाल्या; शिड्या, आंकडे व कुऱ्हाडी घेऊन जाणारी निराळी तुकडी झाली; आगींतून काढलेल्या मालाचें रक्षण करणारेही निराळे नेमले. तेथील फ्रेंच लोकांनीं आपली तुकडी उभारली. पुढें स्पॅनिश, इटालियन, इंग्रज व जर्मन लोकांच्याही तुकड्या त्या दलांत आल्या. ह्या सर्वांचें ब्रीद दोन शब्दांचें आहे: सातत्य आणि शिस्त. त्या ब्रीदांत शौर्याचा उल्लेख नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. ८ डिसेंबरच्या संध्याकाळीं शौर्याची वाण नव्हती.

त्या काळचा बंब म्हणजे हातानें चालविण्याचें यंत्र. दोन बाजूंस दोन लांब दांडे, त्यांवर माणसांच्या दोन रांगा. एका रांगेनें दांडा खालीं दाबला कीं दुसरीचा वर येई, आणि अशा हापशांनीं पाणी नळींतून जोरानें फेकलें जाई. हें काम इतकें दमविणारें असे कीं थोड्या थोड्या वेळानें माणसें बदलावीं लागत. म्हणून तुकडींत माणसें पुष्कळ लागत, आणि सर्वांचा हात एका तालावर पडावा लागे. एकट्यादुकट्या शूर पुरुषाचा तेथें उपयोग नव्हता. घोडे व वाफ, आणि त्यांच्यामागून मोटारी येऊन ही हातांची मेहनत गेली. परंतु पाण्याची नळी धरणाऱ्याच्या मागें दुसरा माणूस असावाच लागतो, आणि धुरांत शिरलेल्याची वाट बाहेर कोणीं तरी पाहावीच लागते. यंत्रें बदललीं तरी तुकडीचें तत्त्व बदललें नाहीं.

अशा तुकडींत शिरणें हें नांव नोंदविण्याइतकें सोपें नाहीं. इच्छुकाविषयीं जुन्या सभासदांनीं खात्री द्यावी लागते, आणि तुकडीच्या सभेंत गुप्त मतांनीं त्याला घ्यावें कीं नाहीं हें ठरतें. घेतल्यावर लगेच आगीवर जातां येत नाहीं. शिडी कशी लावावी, दोर कसा बांधावा, नळी कशी उलगडावी व गुंडाळावी, धुरांत जमिनीलगत कसें सरकावें, जखमी माणूस कसा उचलावा, हें आधीं शिकावें लागतें. कवाईत चुकवून चालत नाहीं. ह्या सर्वांबद्दल वेतन तर नाहींच, उलट स्वयंसेवकानेंच आपल्या तुकडीस दरमहा वर्गणी द्यावयाची! आपल्याकडील मंडळींस हें चमत्कारिक वाटेल. मात्र आपल्याकडेही मंडळांतून वर्गणी देणारा सभासद हाच हक्कानें प्रश्न विचारतो व संस्था आपली मानतो, हें आपण पाहतोंच. तुकडीच्या बंबखान्यांत कांहीं तरुण स्वयंसेवक रात्रीं वस्तीस असतात. दिवसां कोणी विद्यार्थी असतो, कोणी वकील, कोणी सुतार, कोणी दुकानांत नोकर. रात्रीं वर्दी आली कीं सगळे एकाच गाडींत बसून जातात. गाडी हांकणारा मात्र पुष्कळ ठिकाणीं पगारी ठेवावा लागतो, कारण गाडी नेण्यास कोणी तरी अष्टौप्रहर हजर हवाच.

ह्या दलाची पहिली आहुति १८७० सालीं पडली, आणि तीही ८ डिसेंबर रोजींच. बरोबर सात वर्षांनीं, त्याच सणाच्या रात्रीं, सांतियागोचें मोठें नगरनाट्यगृह पेटलें. सहाव्या तुकडीचा स्वयंसेवक हेर्मान तेंदेरिनी आंत शिरला तो परत आला नाहीं. तो जन्मानें इटालियन होता. नाट्यगृह पुढें दुरुस्त झालें व १८७३ सालीं पुनः उघडलें. त्याच्या बाजूच्या रस्त्यास आज तेंदेरिनीचें नांव आहे. सेवा करीत असतां मरण आलेल्या बंबवाल्यास चिलींत ‘हुतात्मा’ म्हणतात, व त्याची प्रेतयात्रा रात्रीं मशालींच्या उजेडांत काढण्याची चाल आहे. श्रद्धेसाठीं रक्त सांडणाऱ्यांकरितांच पवित्र सभा हा शब्द राखून ठेवते, हें आम्ही जाणतों. तरी एका परदेशी माणसानें आपल्या नात्यागोत्याचें कोणी आंत आहे कीं नाहीं ह्याची चौकशी न करतां जळत्या इमारतींत शिरावें, ह्याला लोकांनीं दुसरें कोणतें नांव द्यावयाचें, हें आम्हांसही सुचत नाहीं.

आज त्या देशांत पन्नास हजारांहून अधिक बंबवाले आहेत आणि राजधानीसुद्धां स्वयंसेवकांच्याच भरंवशावर झोंपते. सांतियागोच्या दलांत आतां बावीस तुकड्या आहेत. सरकार साधनसामग्रीसाठीं पैसा देतें, २०१२ सालीं ह्या दलांविषयीं स्वतंत्र कायदाही झाला. परंतु आगीवर जाणारा माणूस बिनपगारीच राहिला. ज्या आगींत मुख्यतः स्त्रिया मेल्या तिच्यांतून जन्मलेल्या ह्या दलांत प्रथम सारे पुरुषच होते. आतां स्त्रियाही शिरस्त्राण घालून बंबावर बसतात. सर्वच चित्र उजळ आहे असें मात्र नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें वालपराइसो व विन्या देल मार ह्या भागांत वणव्यांनीं शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला, आणि त्या आगी मुद्दाम लावल्याच्या आरोपावरून मे महिन्यांत ज्यांना अटक झाली त्यांत एक स्वयंसेवक बंबवालाही होता. नव्या माणसास घेतांना सभेनें गुप्त मत घेण्याची जुनी रीत कां आहे, हें अशा वेळीं ध्यानांत येतें. गणवेषाची हौस व सेवेची आवड ह्या दोन गोष्टी नेहमींच एका माणसांत नांदतात असें नाहीं.

पडलेल्या देवळाच्या घंटांचीही एक हकीकत आहे. मोड म्हणून विकल्या गेलेल्या त्या घंटा समुद्रापलीकडे वेल्समध्यें पोंचल्या, आणि ऑइस्टरमथ गांवच्या देवळांत तीन घंटा कित्येक पिढ्या वाजत राहिल्या. २०१० सालीं, चिलीच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षीं, त्या गांवकऱ्यांनीं त्या परत पाठविल्या. देवळाच्या जागीं आतां बाग आहे व मृतांच्या स्मरणार्थ पवित्र मरियेचा पुतळा आहे.

आपल्या मुंबई इलाख्यांत आग विझविण्याचें काम पगारी दलानें केलें, आणि त्याची परंपरा कोणत्याही स्वयंसेवेपेक्षां उणी नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या जहाजावर कापसाच्या गांठींस आग लागली. त्याच जहाजांत दारूगोळा होता. बंबवाले ती विझवीत असतांनाच दुपारीं चारच्या सुमारास जहाज उडालें व थोड्या वेळानें पुनः दुसरा स्फोट झाला. बंबखान्याचे ६६ जवान त्यांत मेले. भारतभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. तथापि पगारी दल कितीही तत्पर असलें तरी तें येईपर्यंतचीं पहिलीं कांहीं मिनिटें गांवच्याच माणसांच्या हातीं असतात, आणि सांतियागोचें देऊळ त्या पहिल्या मिनिटांतच हातचें गेलें.

ह्या मिनिटांसाठीं आपल्याकडेही सोय झालेली आहे, पण तिची माहिती थोड्यांना असते. गृहरक्षक दल ही स्वयंसेवकांची संस्था भारतांत प्रथम मुंबईतच डिसेंबर १९४६ मध्यें निघाली. १९६८ च्या कायद्यान्वयें नागरी संरक्षण दल आहे. त्यांत स्वयंसेवकांस आग विझविणें, माणसें सोडविणें व प्रथमोपचार ह्यांचें शिक्षण मिळतें. इमारतींतील आगप्रतिबंधाविषयीं महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००६ सालचा आहे. ‘आपदा मित्र’ ह्या नांवानें स्वयंसेवक तयार करण्याची केंद्र सरकारची योजना २०१६ सालीं सुरू झाली. ह्यांपैकीं कोठेंही जावयास अंगीं पहिलवानाची ताकद लागत नाहीं. ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या वेळीं हजर राहण्याची संवय लागते, व ती आपल्या गायकवृंदांतील आणि सणाच्या दिवशीं झटणाऱ्या मुलांमुलींस आहेच.

महोत्सवाच्या दिवशीं आपल्या अंगणांत कापडाचा मांडव पडेल, विजेच्या तारा ओढल्या जातील, वेदीवर मेणबत्त्या असतील, आणि म्हातारीं माणसें व कडेवरचीं मुलें पुढच्या बांकांवर बसतील. आमची व्यवस्थापक मंडळीस एवढीच विनंति कीं, प्रत्येक दारापाशीं एकेक माणूस नांवानिशीं नेमावा. दाराची कडी कोठें आहे, दार आंत उघडतें कीं बाहेर, आग विझविण्याचें नळकांडें कोठें टांगलें आहे व त्याची खीळ कशी ओढावयाची, हें त्यानें आदल्या दिवशीं स्वतःच्या हातानें करून पाहिलेलें असावें. दारापुढें खुर्च्या मांडूं देऊं नयेत, मग बसणारा कितीही मोठा पाहुणा असो. ज्या आठदहा जणांस हें काम मिळेल त्यांनीं पुढें नागरी संरक्षणाच्या वर्गास जाण्याची तयारी असल्यास आपलीं नांवें धर्मगुरूंकडे द्यावीं.